एक फोन, दोन भाषा : बेळगावातल्या एका मोबाइल खेळाचं प्रकरण

खेळ साधा आहे. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी घरं पुढं जायचं. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि ह्या दोन्ही दानांना परत टाकायला मिळतं. मराठी घरांत ह्याला चल्लस आठ किंवा अष्टाचंगपे म्हणतात, कन्नड घरांत चौका बारा. बेळगावात दोन्ही नावं एकाच गल्लीत ऐकू येतात.

टिळकवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत तिघांनी हा खेळ मोबाइलवर आणला. त्यांची नावं इथं देत नाही, गावावरून ओळखू. अनगोळकर प्रोग्रामिंग करतो, घरी मराठी. बैलहोंगलकर खेळाची रचना आणि पैशाचा व्यवहार बघतो, घरी कन्नड. खानापूरची मुलगी चित्रं काढते, ती मराठी शाळेत शिकलेली आणि कन्नड सफाईनं बोलणारी. मराठी मजकूर तपासायला आणि चाचणीच्या वेळी बसायला मी होतो. खेळ गूगल प्ले स्टोअरवर ठेवायचा, दोघांचा डाव फुकट, चौघांचा पट एकदाच पैसे भरून उघडायचा, आणि सगळं मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन भाषांत असायचं, एवढं सुरुवातीलाच ठरलं होतं.

भाषांतर हेच मोठं काम, असा सगळ्यांचा समज होता. खेळातला एकूण मजकूर चार-पाच पानांचा. एकेका वाक्याला एक खूण, तिच्यापुढं तीन भाषांचे तीन रकाने, आणि हे वाक्य पडद्यावर कुठं येतं ते सांगणारा चौथा रकाना. हा चौथा रकाना ज्यानं सुचवला त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. तो नसता तर डाव आल्याचं सांगणाऱ्या ‘युअर टर्न’ ह्या इंग्रजी वाक्याचं मराठीत ‘तुमचे वळण’ झालं असतं. यंत्रानं केलेल्या भाषांतरात ते तसं झालंही होतं. हे काम लवकर आटोपलं. खरा घोळ पुढं झाला, आणि तो भाषा नेमकी कुठं आणि कुणी ठरवायची ह्यावर.

फोन इंग्रजी, माणूस मराठी

प्ले स्टोअरवर खेळाच्या पानाला लिस्टिंग म्हणतात. प्रत्येक भाषेची लिस्टिंग वेगळी भरता येते: नाव ३० अक्षरखुणांपर्यंत, छोटं वर्णन ८०, मोठं वर्णन ४,०००, शिवाय स्क्रीनशॉट. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या यादीत आहेत. कुणाला कुठली लिस्टिंग दिसावी हे त्याच्या फोनच्या भाषेवरून ठरतं, आणि त्या भाषेची लिस्टिंग नसेल तर मूळ ठरवलेली भाषा पुढं येते. बहुतेक खेळही उघडताना हेच करतात. फोनला भाषा विचारतात आणि त्याप्रमाणं बोलायला लागतात.

ह्या हिशेबात एक गृहीतक आहे. फोनची भाषा म्हणजे माणसाची भाषा. जपानमध्ये किंवा पोलंडमध्ये ते बहुतेक वेळा खरं असेल. बेळगावच्या खडेबाजारात मात्र फोन विकत घेतला की दुकानदारच तो सुरू करून देतो, आणि इंग्रजीत करून देतो. पुढं त्या सेटिंगला कुणी हात लावत नाही. माणूस दिवसभर मराठी बोलतो, व्हॉट्सॲपवर रोमन लिपीत मराठी लिहितो, नाहीतर सरळ आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, आणि फोन मात्र इंग्रजीच राहतो.

ह्याचा पुरावा स्टोअरच्याच एका नियमामुळं हाती आला. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० परीक्षक लागत, डिसेंबर २०२४ मध्ये तो आकडा १२ वर आला. हे परीक्षक सलग १४ दिवस चाचणीत राहिले पाहिजेत. लहान टोळक्यांना हा नियम जाचक वाटतो आणि पुष्कळजण वर्गमित्रांचे ईमेल भरून मोकळे होतात. ह्या तिघांनी तसं केलं नाही. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, खानापूर आणि बैलहोंगल इथली माणसं मुद्दाम निवडली, त्यात मराठी घरातली, कन्नड घरातली, आणि आजी-आजोबाही. त्यांचे फोन हातात घेतल्यावर पहिल्याच फेरीत दिसलं की मराठीत किंवा कन्नडमध्ये ठेवलेला फोन विरळाच. खेळानं फोनला भाषा विचारली असती तर जवळजवळ प्रत्येकाला इंग्रजीच मिळाली असती, आणि चार-पाच पानांचं ते निगुतीनं केलेलं भाषांतर कुणाच्या नजरेलाही पडलं नसतं.

बैलहोंगलकरानं तोडगा सुचवला: फोनवर विसंबायचं नाही, राज्यावरून ठरवायचं. कर्नाटक असेल तर कन्नड, महाराष्ट्र असेल तर मराठी. त्याच्या मनात काही खोट नव्हती, बेंगळुरूत बसून विचार केला तर हे सरळच वाटतं. अनगोळकर नुसता हसला.

सीमाभागात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. ह्या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला तो महाराष्ट्रानं मान्य केला नाही. ८६५ गावांचा दावा घेऊन महाराष्ट्र २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यावरून माणसाची भाषा ठरवायची, ह्याच गोष्टीवर इथं दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य गेलं आहे. आणि हे एकाच बाजूचं नाही. जतमध्ये, अक्कलकोटमध्ये, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी घरं भरपूर आहेत. त्यांच्या फोनवर केवळ महाराष्ट्रात आहेत म्हणून मराठी लादलं तर चूक तीच, फक्त माणसं बदलली.

शिवाय ते जमणारही नव्हतं. स्टोअरच्या वेगळ्या, खास लिस्टिंग देशावरून दाखवता येतात, राज्यावरून नाही. खेळाच्या आत हे करायचं तर माणसाचं ठिकाण विचारावं लागलं असतं, आणि कवड्यांचा खेळ ठिकाणाची परवानगी मागायला लागला तर शहाणा माणूस तो लगेच काढून टाकेल.

मग उरला एकच मार्ग. माणसालाच विचारायचं.

पहिला पडदा

खेळ उघडला की पहिलाच प्रश्न भाषेचा. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत, मोठ्या बटणावर. ऐकायला किती साधं. पण कुठली भाषा वर आणि कुठली खाली? मराठी वर ठेवली तर कन्नड माणूस म्हणणार, कर्नाटकात राहून हे काय. कन्नड वर ठेवली तर मराठी माणूस म्हणणार, इथंही तेच. २०२४ च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देणं सक्तीचं झालं. तो नियम पाट्यांचा आहे, मोबाइलच्या पडद्याचा नाही, पण ज्या गावात पाटीच्या अक्षरांची उंची मोजली जाते तिथं बटणांच्या क्रमाकडंही डोळे जाणारच.

उत्तर खानापूरच्या मुलीनं दिलं, आणि ते मला ह्या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडलं. वर्णानुक्रम लावा. देवनागरीत इ, क, म. कन्नड वर्णमालेचा क्रमही तोच. इंग्रजीत लावा, तरी आधी ई, मग के, मग एम. तिन्ही लिप्यांत क्रम एकच येतो : इंग्रजी, कन्नड, मराठी. कुणी विचारलं तर सांगता येतं, आणि सांगितलेलं पटतं.

झेंड्यांचा प्रश्न तिनं त्याआधीच निकालात काढला होता. भाषेच्या बटणावर देशाचा झेंडा लावू नये असं ह्या धंद्यात सगळीकडंच सांगतात, कारण एका देशात अनेक भाषा असतात आणि एक भाषा अनेक देशांत. इथं देशाचा झेंडा एकच. मग लावायचा कुठला? कन्नडचा लाल-पिवळा आणि मराठीचा भगवा? ते दोन झेंडे शेजारी-शेजारी लावून कवड्यांचा खेळ विकायला बसणं म्हणजे काय, हे बेळगावकराला वेगळं सांगायला नको. बटणांवर फक्त अक्षरं राहिली.

हीच निवड खेळ चालू असतानाही बदलता यावी, आणि तीही तीन पडदे आत शिरून नाही, तर पटाच्या कोपऱ्यातूनच, असा आग्रह मी धरला. अँड्रॉइड १३ पासून फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. सोय चांगली आहे, पण ती वापरणारा माणूस मला चाचणीत भेटला नाही. आणि त्यात एक जुना सापळाही आहे. ऑगस्ट २०२१ पासून नवी ॲप्स बंडल स्वरूपात द्यावी लागतात, आणि बंडलमधून स्टोअर फोनच्या भाषेपुरताच मजकूर उतरवतं. इंग्रजी फोनवर मराठीचा मजकूर आलेलाच नसतो, मग ॲपमध्ये मराठीचं बटण दाबून उपयोग काय? बंडल बांधतानाच भाषेवरून होणारी ही फाळणी बंद ठेवावी लागते. ह्या तिघांचा मजकूर इंजिनच्या, म्हणजे खेळ बांधायच्या तयार सॉफ्टवेअरच्या, स्वतःच्या फायलींमध्ये होता, म्हणून त्यांना त्याची झळ लागली नाही. अँड्रॉइडची नेहमीची पद्धत वापरणाऱ्यांनी मात्र हे आधी तपासावं.

वेलांटी कुठं बसते

पहिलं रूप दुसऱ्या एका इंजिनात केलं होतं. त्यात मराठी लावल्याबरोबर ‘जिंकलात’मधली पहिली वेलांटी ज सोडून उजवीकडं जाऊन बसली. ‘कवड्या’मधला ड पाय मोडका होऊन य पासून तुटला. कारण ठाऊक असलेलं बरं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत, आधी व्यंजन साठवतात, मग वेलांटी. पडद्यावर ती डावीकडं नेणं, जोडाक्षर घडवणं, रफार नेमक्या अक्षरावर बसवणं हे काम वेगळ्या यंत्रणेचं असतं, आणि खेळांच्या बऱ्याच इंजिनांत ती यंत्रणा नसते. रोमन अक्षरं एकापुढं एक मांडली की भागतं, म्हणून कुणाला तिची गरजच भासलेली नसते.

ह्यावर एक जुना जुगाड आहे : युनिकोड सोडायचं आणि लग्नपत्रिका छापणारे डीटीपीवाले वापरतात तसला जुना फॉन्ट घ्यायचा, ज्यात प्रत्येक तुकड्याला रोमन अक्षराची जागा दिलेली असते. दिसायला ठीक दिसतं. पण मग मजकूर शोधता येत नाही, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही, आणि एक शब्द बदलायचा तरी डीटीपीवाल्याकडं जावं लागतं. कन्नड मजकूर लिहून देणाऱ्या शिक्षकांनीही पहिल्यांदा अशाच जुन्या पद्धतीनं टाइप केलेली फाइल पाठवली होती. तक्त्यात चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरं आणि खुणांची खिचडी दिसली. ती युनिकोडमध्ये उलटवून घेतली, पण प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागली.

इंजिनच बदललं. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी आत बसवलेली आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट उमटतात. इंजिन फुकट आहे, हेही त्या खोलीच्या भाड्याकडं पाहता महत्त्वाचं.

तरी बारीकसारीक उरलंच. ‘दुसऱ्याची सोंगटी मारा’ ह्या वाक्यात ऱ्य हवा. साधा र, पाय मोडून य, असं टाइप केलं की रफार येतो आणि ‘दुसर्याची’ होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ वेगळा टाइप करावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ठरवलेली मराठी वळणाची ल आणि श ही अक्षरं पुष्कळ फॉन्टांत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं इंजिनला सांगितलं तरच ती बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं. चाचणीला आलेल्या कुणालाही हे खटकलं नाही. खानापूरच्या मुलीला खटकलं, आणि तेवढं पुरे झालं.

कन्नडची अडचण उलट दिशेची. तिथं जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन ओळीच्या खाली उतरतं. इंग्रजीच्या मापानं काढलेल्या बटणांत ते कापलं जायचं. मराठीच्या वरच्या मात्रा आणि कन्नडचं खालचं व्यंजन दोन्ही मावतील इतकी उंची प्रत्येक बटणाला दिली, तेव्हा इंग्रजीत ती बटणं जरा रिकामी दिसायला लागली. दिसू देत. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचं बालू कुटुंब घेतलं: देवनागरीसाठी बालू २, कन्नडसाठी बालू तम्मा २. एकाच हातचं वळण, आणि परवाना खुला, त्यामुळं खेळात घालायला वेगळे पैसे नाहीत.

वाक्यं सगळी ‘तुम्ही’ धरून लिहिली. ‘जिंकलास’ की ‘जिंकलीस’ हा प्रश्न ‘तुम्ही जिंकलात’ म्हटल्यावर उरत नाही, आणि आज्जीला खेळानं अरे-तुरे करू नये हेही साधतं.

वडगावातला सोपा

स्टीम ह्या संगणकावरच्या खेळांच्या दुकानात प्रत्येक खेळाच्या पानावर भाषांचा एक तक्ता असतो. त्यात तीन रकाने: इंटरफेस, पूर्ण ऑडिओ, सबटायटल. म्हणजे लिहिलेली भाषा आणि बोललेली भाषा वेगळ्या असू शकतात हे तिथं आधीच मान्य केलेलं आहे. ह्या तिघांनी तो तक्ता पाहिला होता, पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. खेळात आवाज होताच : दान पडलं की आकडा पुकारणारा, डाव कुणाचा ते सांगणारा. पण जी लिपी निवडली तीच बोली, असं एकच बटण होतं.

वडगावातल्या एका घराच्या सोप्यात चाचणी चालू होती. खेळायला घरातली आज्जी आणि शेजारच्या कन्नड बाई, दोघी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. फोन नातवाचा, मध्ये चटईवर ठेवलेला. नातू सातवीत, इंग्रजी माध्यमाचा. त्यानं आधी इंग्रजी निवडली, कारण त्याला ती भरभर वाचता येते. आज्जी म्हणाली, वाचू कशी? मग शेजारणीला बरं म्हणून त्यानं कन्नड केली.

“निम्म सरदी,” म्हणजे तुमचा डाव, फोन बोलला.

“हे कुणाचं दान गे? कन्नड बोलालंय की हे.”

“तुमचंच की वो अक्का, टाका.”

आज्जीनं बोट लावलं, कवड्या फिरल्या, आठ पडले. फोननं आकडा कन्नडमध्ये पुकारला. आज्जीला कन्नड येत नाही असं नाही. बाजारात भाव ती कन्नडमध्येच करते. पण कपाळाला आठी पडली.

“आज्जी, भाषा बदलू काय?” नातू.

“माझ्यापुरती बदल. तिला कशाला मराठी ऐकायला लावतोस?”

शेजारीण म्हणाली, “असू दे वो, मला कळतंय की.” आज्जी म्हणाली, “कळतंय म्हणून काय झालं?”

अनगोळकर कोपऱ्यात वही घेऊन बसला होता. त्यानं ‘माझ्यापुरती’ एवढंच लिहून घेतलं.

त्या दिवसानंतर रचना दोन ठिकाणी मोडून पुन्हा बांधली. पहिली गोष्ट, लिहिलेली भाषा आणि बोललेली भाषा ह्यांची बटणं वेगळी झाली. बेळगावात ह्याला फार अर्थ आहे. कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड सक्तीची आहे. मराठी घरातलं इंग्रजी शाळेत जाणारं मूल कन्नड आणि इंग्रजी वाचतं, मराठी मात्र ते कानानं शिकलेलं असतं. पडद्यावर इंग्रजी आणि कानाला मराठी ही जोडी त्याला नेमकी बसते. आज्जीला तर अक्षराशी काही देणंघेणंच नाही, तिला आवाज पुरे.

दुसरी गोष्ट मोठी. बोलण्याची भाषा फोनकडून काढून बसणाऱ्याकडं दिली. डाव मांडताना चार जागा असतात. प्रत्येक जागेला रंग निवडतात तसाच आवाजही निवडायचा. लाल जागेचं दान आलं की फोन मराठीत बोलेल, हिरव्याचं आलं की कन्नडमध्ये, आणि डाव कुणाचा हे सांगणारी ओळही त्या-त्या लिपीत. मेनू आणि सेटिंग फोनच्या मालकानं निवडलेल्या भाषेत राहतील.

इंजिनच्या दृष्टीनं हे वाकडं काम होतं. तिथं एका वेळी एकच भाषा चालू असते. ती बदलली की सगळा पडदा बदलतो. प्रत्येक दानाला भाषा बदलली असती तर मेनूही आळीपाळीनं मराठी-कन्नड होत राहिला असता. चालू भाषेला हात न लावता, हव्या त्या भाषेच्या तक्त्यातून एकच वाक्य उचलायची सोय गोडोमध्ये आहे, तीच वापरली. एकाच पडद्यावर दोन लिप्या येणार म्हणून देवनागरी फॉन्टच्या मागं कन्नड फॉन्ट पर्यायी म्हणून जोडला.

आवाज माणसांचेच घेतले. मराठी आवाज वडगावचा, कन्नड बैलहोंगलचा. बैलहोंगलकराच्या मनात सुरुवातीला ग्रांथिक कन्नड होती. ती बातम्यांसारखी ऐकू येते असं त्याच्याच आईनं सांगितल्यावर त्यानं आपल्या भागाची बोली ठेवली. मराठीतही ‘टाका की’ आलं. पुण्याहून ऐकणाऱ्याला ते गमतीचं वाटेल, वाटू दे.

नियमांच्या बाबतीत मात्र भाषेचा मोह आवरला, ते बरं झालं. कन्नड निवडली की चौका बाराचे नियम आणि मराठी निवडली की चल्लस आठाचे, असा एक बेत होता. आतल्या घरांत जायला आधी कुणाची तरी सोंगटी मारलीच पाहिजे की नाही, कवड्या चार की सहा, हे घरागणिक बदलतं. पण ते भाषेप्रमाणं बदलत नाही. वडगावच्या त्या दोन्ही बायका एकाच नियमानं खेळत होत्या. नियमांचं पान वेगळं केलं, भाषेशी त्याचा काही संबंध ठेवला नाही.

स्टोअरचं पान

आत सगळं जमलं, आता दुकानाची फळी मांडायची. मराठी लिस्टिंगचं नाव ठरलं : ‘चल्लस आठ : कवड्यांचा खेळ’. डोळ्याला ही अकरा अक्षरं दिसतात. यंत्र काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण सगळं वेगळं मोजतं, त्याच्या हिशेबी एकोणीस, आणि जागा व विसर्गासारखी खूण धरून चोवीस. ३० मध्ये बसलं. त्यापुढं ‘बेळगावचा’ जोडायची इच्छा होती, पण त्याच्या एकट्याच्याच आठ खुणा होतात. कन्नड लिस्टिंगला चौका बारा. वर्णनात मराठीत बेळगाव आणि कन्नडमध्ये बेळगावी, ह्यावर कुणी वाद घातला नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं तेव्हापासून जो तो आपापल्या भाषेत आपापलं लिहितो.

पण मूळ अडचण इथंही तीच. फोन इंग्रजी, म्हणून दिसणारी लिस्टिंग इंग्रजी. आणि ॲपलच्या स्टोअरवर किंवा स्टीमवर असते तशी, खेळात कुठल्या भाषा आहेत ह्याची यादी प्ले स्टोअरच्या पानावर नसते. मराठी माणूस पानावर येईल, इंग्रजी वर्णन बघेल आणि आपल्यासाठी हे नाही म्हणून निघून जाईल. त्यामुळं भाषा सांगायची जबाबदारी स्क्रीनशॉटवर आली. इंग्रजी लिस्टिंगचा पहिलाच स्क्रीनशॉट असा केला की पटाच्या एका बाजूला मराठी ओळ, समोरच्या बाजूला कन्नड ओळ. वाचता न येणाऱ्यालाही लिपी ओळखू येते.

ह्याच चित्रानं पहिली कुरबुर झाली. एका कन्नड वापरणाऱ्यानं एकच तारा देऊन विचारलं, चित्रात मराठी कशाला? थोड्याच दिवसांत मराठीतून उलट प्रश्न आला. समीक्षेला उत्तर द्यायला स्टोअर ३५० अक्षरखुणा देतं. दोघांना त्यांच्या-त्यांच्या भाषेत एकच उत्तर गेलं: प्रत्येक खेळाडू आपली भाषा निवडू शकतो, दुसऱ्याची तुम्हाला ऐकायची नसेल तर सगळ्या जागांना एकच आवाज लावा. कन्नड वापरणाऱ्यानं नंतर तारे वाढवले, मराठीवाल्यानं नाही.

चित्र बदलायचं का, ह्यावर तिघांत जोरात वाद झाला. बैलहोंगलकर म्हणत होता, मराठी आणि कन्नड लिस्टिंगमध्ये एकभाषी चित्रं ठेवू आणि इंग्रजीत दोन्ही. माझंही मत तेच होतं, कारण ज्यानं फोन मराठीत ठेवला आहे त्यानं आपली पसंती आधीच सांगितलेली आहे. तसंच झालं. शिवाय एक खास लिस्टिंग केली, जी ठराविक लिंकवरूनच उघडते आणि जिच्यात मराठी स्क्रीनशॉट पुढं आहेत. ती लिंक गल्लीतल्या आणि मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेली. तशीच कन्नडची दुसरी. इंग्रजी फोनवाल्या मराठी माणसापर्यंत मराठी चित्र पोचवायचा हाच सरळ रस्ता वाटला.

प्रकाशनाची तारीख दिवाळीच्या सुट्टीत धरली होती. मुलं घरी, आज्या घरी, कवड्यांच्या खेळाला ह्याहून चांगला मुहूर्त कुठला? कॅलेंडर उघडल्यावर १ नोव्हेंबर समोर आला. कन्नडचा राज्योत्सव, मराठीचा काळा दिन. त्या आठवड्यात दोन भाषा शेजारी बसवणारा खेळ आणला तर त्यावर खेळ सोडून बाकी सगळं बोललं जाईल, हे तिघांनाही न बोलता कळलं. तुळशीच्या लग्नानंतर खेळ खुला केला.

सध्या टेबलावर उर्दू आहे. कॅम्पातून आणि शहापूरकडून मागणी आली. उर्दू उजवीकडून डावीकडं जाते, म्हणजे बटणं, बाण, मेनू सगळं उलटं मांडावं लागेल, आणि तिच्या नस्तालिक वळणाची अक्षरं तिरकी उतरत जातात म्हणून ओळीची उंची पुन्हा नव्यानं ठरवावी लागेल. ते काम पुढच्या वर्षावर टाकलं आहे. आवाज मात्र लिपीपासून सुटा झालेला असल्यानं तो आत्ताच देता येतो. आकडे आणि डाव सांगणारी मोजकी वाक्यं एका बाईंनी आपल्या दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीत, रेकॉर्ड करून दिली आहेत, आणि पुढच्या आवृत्तीत जागेच्या आवाजांमध्ये ह्या चौथ्या भाषेची भर पडेल. यादीत तिला कुठं बसवायचं ह्यावर पुन्हा वर्णानुक्रम काढला, तर देवनागरीत उर्दू इंग्रजीच्या खाली येते आणि रोमनमध्ये सगळ्यांत शेवटी. ते अजून ठरलेलं नाही.